आधी आतल्या शिवणीवर

पुतण्याच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, म्हणजे सून नवी होती आणि तिच्यासमोर आम्ही सगळे जरा बेतानं भांडत होतो, त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंचं मनगट मोडलं. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत. ओली चादर झटकत होत्या. चादर दोन माणसांच्या पलंगाची. एक झटका दिला आणि कट् असा आवाज झाला. आम्हाला वाटलं दोरी तुटली. दोरीला काहीही झालं नव्हतं.

आमची लाँड्री होती. खाली दुकान, मागे धुण्याची यंत्रं, वर घर. माझे थोरले दीर दुकान चालवायचे. त्यांना सगळे मालक म्हणायचे, घरातलेसुद्धा. त्यांची बायको, म्हणजे जाऊबाई, इस्त्रीच्या टेबलाशी. त्यांचा मुलगा गाडी घेऊन कपडे आणायचा नि पोचवायचा. सून दातांच्या दवाखान्यात बाहेर बसून पेशंटांना नंबर द्यायची आणि संध्याकाळी निम्मी डॉक्टर होऊन घरी यायची. मी धाकटी जाऊ. नवरा लवकर गेला, मी राहिले, आणि डाग काढण्याचं काम माझ्याकडे राहिलं.

डाग काढणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. नवं कापड आलं की औषध थेट डागावर ओतायचं नाही. कपडा उलटा करायचा, आतली शिवण शोधायची, तिथं एक थेंब टाकायचा आणि बघायचं. रंग गेला तर आतून गेला, कुणाला दिसत नाही. इस्त्रीचंही तसंच. मालकांच्या वडलांनी कधीकाळी एका मोठ्या माणसाचा कोट न बघता जाळला होता. तेव्हापासून ही रीत दुकानात एवढी पक्की झाली की ती जिना चढून वर घरात आली. नवा साबण आला, आधी आतून बघा. दूध नासल्याचा संशय आला, आधी आतून बघा. शेजारी नवा न्हावी आला तर मालक स्वतः गेले नाहीत, आधी मुलाला पाठवलं आणि त्याचं डोकं बघून मग आठवडाभर विचार केला.

बहुतेक वेळा ती आतली शिवण मी असायचे. नासलेलं दूध मीच चाखलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, घरात प्रत्येकाला काहीतरी काम लागतंच.

मनगटाला प्लास्टर घातलं ते हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी. वयानं लहान, पण बोलण्यात घाई नाही. त्या म्हणाल्या, चादर झटकून हाड मोडत नाही, मोडलं तर हाडातच काहीतरी आहे. मग जाऊबाईंना एका यंत्राखाली झोपवलं आणि हाडांची घनता मोजली. अहवाल आला तेव्हा मालक, जाऊबाई आणि मी असे तिघे गेलो. मला नेलं कारण पिशवी कुणीतरी धरायला हवी.

"हाडं ठिसूळ झाली आहेत. पाठीचा एक मणकाही दबलाय, यांना कळलं नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे कसर लागलेली लोकर," मालक म्हणाले. "वरून कोट ठीक, आतून जाळी."

"तसं म्हणा हवं तर."

"ऐकलंस?" जाऊबाई मला म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, एक चांगला शब्द नाही. आज कोट म्हणाले."

मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या आणि आवाज बदलला. "हे बघा बाई, माझी आई खुबा मोडून खाटेवर पडली. पाच वर्षं. मी तिचं सगळं केलं, कूस बदलण्यापासून. मला मरायची भीती नाही. मला फक्त तसं पडायचं नाही. उभ्यानं जाऊ दे. त्याला काय लागतं ते द्या."

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. एक गोळी असते, आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहाही नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. दुसरं, वर्षातून एकदा शिरेतून सलाइनसारखं औषध. त्यानं पहिल्यांदा दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. तिसरं, सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. ते चांगलं, पण मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही, मध्येच सोडलं तर मणके पटापट मोडू शकतात. तिन्हीपैकी कुठलंही चालेल. आधी रक्त तपासू, दात दाखवून या, मग गोळीपासून सुरू करू.

"दुष्परिणाम?" मालकांनी विचारलं.

"सांगितले ते नेहमीचे. फार क्वचित, म्हणजे हजारांत एखादीलाही नाही, जबड्याचं हाड बिघडतं, तेही जास्त करून दात उपटल्यावर. आणि पुष्कळ वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मोडतं. म्हणून काही वर्षांनी आपण थांबून परत बघतो."

"आणि काहीच नाही घेतलं तर?"

"तोही एक निर्णयच आहे. त्याचे दुष्परिणाम जास्त आहेत, फक्त ते कागदावर छापून मिळत नाहीत."

एवढं सगळं त्या बोलल्या. घरी येईपर्यंत मालकांच्या डोक्यात दोनच शब्द उरले होते, जबडा आणि मांडी.

रक्त ठीक निघालं. सुनेच्या दवाखान्यात दात दाखवले, तेही ठीक निघाले. गोळ्यांची डबी आली. डबीत गोळ्या चार आणि कागद एक. तो कागद घडी उलगडत गेला तसा इस्त्रीचं टेबल पुरेना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. दुकान बंद केल्यावर सगळे टेबलाभोवती बसले आणि पुतण्यानं वाचायला घेतलं. तो पत्ता वाचतो तसा वाचायचा, पहिली ओळ आणि शेवटची ओळ, मधलं गाळून.

"पोटदुखी. जळजळ. मळमळ. डोकेदुखी. चक्कर. स्नायू दुखणे. सांधे दुखणे. डोळे लाल होणे. केस गळणे."

"हे तर मला यांच्याशी लग्न केल्यापासून आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"आई, हसू नका," सून म्हणाली. "जबड्याचं खरं आहे. आमच्या डॉक्टरांनी एक केस पाहिली होती. म्हणजे त्यांच्या सरांनी पाहिली होती. म्हणजे चित्रात."

मालकांनी सिगारेट पेटवली. दिवसातून पाकीटभर ओढायचे, आणि पाकिटावर सडलेल्या जबड्याचं चित्र होतं. ते चित्र खिशात घालत म्हणाले, "जबड्याशी खेळ नको. जबडा गेला की माणूस गेला."

"माझ्या जबड्याची तुम्हाला काळजी?" जाऊबाई म्हणाल्या. "तो बंद पडावा म्हणून तर नवस बोलायचे बाकी ठेवलेत."

"मस्करी नाही. आणि ती मांडी? हाड मजबूत करायचं औषध आणि हाड मोडतं. साबणानं डाग पडावा तसं झालं हे."

"बाबा, मग इंजेक्शन घेऊ," पुतण्या म्हणाला. "सहा महिन्यांनी एकदा. कटकट नाही."

"आणि ते चुकवायचं नाही," मी म्हटलं. "गाडीचं तेल कधी बदललंस शेवटचं?"

"काकू, गाडी वेगळी."

"हो. गाडी अडली की तू तरी ओरडतोस."

"सलाइनचं बरं," सून म्हणाली. "वर्षातून एकदा. ताप दोन-तीन दिवस."

"कोणत्या दोन-तीन दिवसांत?" मालकांनी विचारलं. "हॉटेलच्या चादरी रोज येतात. ताप हिला येईल आणि चादरी मला येतील."

पुतण्यानं मोबाइल काढला. त्याला तिथं एक बाई सापडली जिला गोळीनं खाणं बंद झालं होतं, आणि एक माणूस सापडला जो तीळ आणि ऊन यांवर हाडं पोलादासारखी करून देतो म्हणत होता. मालकांना तो माणूस आवडला. तिळाचे दुष्परिणाम कुणी छापत नाही. जाऊबाईंनी मध्येच विचारलं, "माझ्या हाडांचं काय ठरलं?" तर मालक म्हणाले, "त्याच्यावरच तर चाललंय." भीक नको पण कुत्रा आवर अशी त्यांची गत झाली होती. औषध राहू दे, आधी तो कागद घडी करा, असं त्या म्हणाल्या. तो कागद कुणालाच परत घडी करता आला नाही, आणि घरात सगळे घडीचंच खाणारे.

शेवटी मालकांनी सिगारेट विझवली आणि तोडगा काढला.

"घाई कशाला? आधी आतून बघू."

 मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मालक, हे माझं औषध नाही. जाऊबाईंचं आहे."

"म्हणून तर. तिच्यावर थेट कसं ओतायचं? तू पण बाईच, वय थोडं इकडंतिकडं, पाणी एकच, जेवण एकच. तुला तीन महिन्यांत काही झालं नाही तर तिला सुरू करू."

"आणि मला झालं तर?"

"तर कळेल ना," मालक म्हणाले.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण मला खरंच वाटलं होतं की जाऊबाई आता उसळतील. त्या ज्या दिवशी दुधाच्या पिशवीवरून उसळायच्या त्या दिवशी शेजारची खिडकी बंद व्हायची. त्या टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "तीनच महिने ना? तोवर माझं मनगटही भरून येईल." तेव्हा मला कळलं, भीती मालकांच्या एकट्याच्या पोटात नव्हती. जबड्याची थोडी त्यांच्याही पोटात उतरली होती, आणि ती कुणीतरी आधी चाखून बघावी असं त्यांनाही वाटत होतं.

सोमवार ठरला. सोमवारी सकाळी मी गोळी घ्यायची आणि खिडकीपाशी सरळ पाठीच्या खुर्चीत बसायचं, अर्धा तास. पहिल्या सोमवारी सगळं घर समोर उभं. सुनेनं माझं तोंड उघडून बघितलं. पुतण्यानं विचारलं, "काकू, मांडीत काही?" मालक लांब उभे राहून माझ्याकडे कपड्याकडे बघावं तसं बघत होते, रंग उतरतोय का म्हणून.

"काही वाटतंय?"

"वाटतंय."

"काय?"

"चहा प्यावासा."

जाऊबाई आत चहा करत होत्या. आपला कप घेऊन त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि फुर्र करून प्यायल्या. "गोळी बाधली तर सांग हं, धाकटे. चहा बाधला तर मी सांगते."

खरं सांगायचं तर मला तो अर्धा तास आवडायला लागला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मला वाकू नको असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. सोमवारी कुणाचा मोजा हरवला तर त्यालाच शोधावा लागायचा. "काकूला उठवू नका, गोळी चालू आहे," पुतण्या सांगायचा, जसं यंत्रात कपडे फिरतायत.

तीन महिन्यांत मला झालं काय, तर एकदा ढेकर आला. आदल्या दिवशी सुनेच्या माहेरून तळलेलं आलं होतं आणि मी दोनदा घेतलं होतं. मालकांनी तो ढेकर सोडला नाही. "जळजळीचा होता का साधा होता?" मी म्हटलं, साधा. ते म्हणाले, "साधा असता तर एवढा मोठा नसता." तीन महिन्यांचे सहा महिने झाले.

मग माझा गुडघा दुखला. तो पुतण्या पाळण्यात असल्यापासून दुखत होता, पण आता त्याला मान मिळाला. सुनेनं कागदावर बोट ठेवलं, सांधे दुखणे. मी म्हटलं, गं बाई, हा गुडघा त्या कागदापेक्षा जुना आहे. ती म्हणाली, "काकू, वाढलाय का ते सांगा." आता साठीच्या पुढचा कुठला गुडघा कमी होत जातो?

जाऊबाईंचं प्लास्टर निघून किती दिवस झाले होते. त्या पुन्हा टेबलाशी उभ्या राहायला लागल्या. वाफेची इस्त्री जड, तिचा पाइप टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबायचा, आणि त्या उजव्या हाताला डाव्या हाताचा टेकू देऊन ती ओढायच्या. पाठीत पोक आलं होतं. त्यांची उंची कमी झालीय हे पहिल्यांदा टेबलानं सांगितलं. पूर्वी त्यांच्या कमरेला लागायचं, आता पोटाला लागत होतं. पुतण्यानं उपाय म्हणून टेबलाचे पाय कापले.

एका सोमवारी घरात कुणी नव्हतं. मालक बँकेत, मुलं कामावर. मी डबीतून गोळी काढून तळहातावर घेतली आणि पाण्याचा पेला जाऊबाईंपुढे ठेवला.

"घ्या. आज तुम्ही घ्या. मला काही होत नाही, मी सांगते तुम्हाला. ढेकर तळलेल्याचा होता."

त्यांनी गोळी बोटांत घेतली. खिडकीच्या उजेडात धरून बघितली, बटण शोभतंय का बघावं तशी. पेला उचलला. मग पेला खाली ठेवला.

"मालकांना विचारलंस?"

"हाडं त्यांची आहेत का?"

"तसं नाही. उद्या काही झालं तर म्हणतील, सांगितलं होतं. तुला माहीत नाही, ते सांगितलं होतं म्हणायला लागले की चार वर्षं म्हणतात." त्यांनी गोळी माझ्या हातात परत दिली. "सहा महिने होऊ देत एकदाचे. मग कुणाला बोलायला जागा नाही."

सगळ्या गल्लीला जिच्या तोंडाची दहशत, ती बाई. मी गोळी घेतली आणि खुर्चीत जाऊन बसले.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. आम्ही तिघे गेलो, पिशवीसकट.

"गोळ्या चालू आहेत ना? काही त्रास?" त्यांनी जाऊबाईंना विचारलं.

जाऊबाईंनी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "चालू आहेत. एकही चुकली नाही. एकदा ढेकर आला, आणि गुडघा."

"कोणता गुडघा?" डॉक्टरीणबाई जाऊबाईंच्या पायाकडे झुकल्या.

"यांचा नाही. हिचा." मालकांनी माझ्याकडे हात केला.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "ह्या कोण?"

"धाकटी. हिच्यावर आधी बघतोय."

 मालकांना वाटलं, बाईंना कळलं नाही, म्हणून त्यांनी दुकानाची सगळी रीत समजावून सांगितली, वडलांच्या कोटापासून. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. हे मी त्यांचं मोठेपण समजते.

"तुम्ही चष्मा कसा करता?" त्यांनी विचारलं. "आधी ह्यांना घालून बघता, ह्यांना दिसलं की मग तुम्ही लावता?"

"चष्मा वेगळा."

"सहा महिने हाडं मोठ्या बाईंची झिजली आणि औषध धाकट्या बाईंनी खाल्लं. त्यांची साधी तपासणी न करता. त्यांच्या मूत्रपिंडाला त्रास असता तर?" मग मालकांना सोडून त्या जाऊबाईंशी बोलल्या. "आई, पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, उभ्यानं जायचंय. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग मला तुमचं उत्तर हवंय. ह्यांचं नको. आता गोळीही नको, शिरेतून देऊ. एकदाच. वर्षभर कुणाला विचारायला नको. ताप आला तर तापाची गोळी."

"ताप येऊ दे," जाऊबाई म्हणाल्या. "गुरुवारी येते."

मला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या बंद करा, तुमचीही हाडं मोजू. जिना उतरताना जाऊबाई माझा हात धरून चालत होत्या आणि मागून येणाऱ्या मालकांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या, "बघ, विचारलं की सांगता येतं. कुणी विचारलंच नव्हतं मला."

गुरुवार आला. आदल्या दिवशी, बुधवारी, हॉटेलच्या चादरी आल्या. कुठलंसं मोठं संमेलन होतं, सगळ्या खोल्या भरलेल्या, गठ्ठे जिन्यापर्यंत. मालक जाऊ नको म्हणाले नाहीत. ते फक्त गठ्ठ्यांमध्ये उभे राहिले, डोक्याला हात लावून, आणि म्हणाले, "जा तू. मी बघतो काहीतरी. ताप आला तर दोन-तीन दिवसांचाच आहे."

जाऊबाईंनी गठ्ठ्यांकडे बघितलं. मी म्हटलं, "इस्त्री मी करते. तुम्ही जा."

"तू? तुझ्या इस्त्रीनं चादरीला चार कोपऱ्यांचे सहा होतात." त्यांनी पदर खोचला. "सहा महिने थांबले, आठवडा काय? हे संमेलन उरकू दे."

मी डॉक्टरीणबाईंकडे फोन केला, पुढचा गुरुवार घेतला. पुतण्या म्हणाला, "काकू, आठवड्यानं कुठं हाड मोडतं?"

मंगळवारी दुपारी जाऊबाई टेबलाशी होत्या. शेवटचा गठ्ठा. मी शेजारी शर्टाची कॉलर घासत होते. हँगर घ्यायला त्या वळल्या. फार नाही, नुसत्या वळल्या, आणि पाय इस्त्रीच्या पाइपाला लागला. उंचावरून नाही, पायरीवरून नाही, जिथं उभ्या होत्या तिथंच पडल्या. मी धरायला गेले तोवर त्या जमिनीवर होत्या आणि त्यांचा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईचं पाच वर्षं केलेल्या बाईला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "इस्त्री बंद कर. चादर जळेल."

इस्पितळात सांगितलं, खुबा, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. एका तरुण डॉक्टरांनी मालकांपुढे कागद ठेवला. त्यावर भूल दिल्यानं काय होऊ शकतं, रक्त किती जाऊ शकतं, गुठळी कुठं अडकू शकते, आणि जीवही जाऊ शकतो, असं सगळं ओळीनं छापलं होतं. त्यापुढे गोळीचा कागद म्हणजे लग्नाची पत्रिका. मालकांनी तो वाचला नाही. सही कुठं करायची तेवढं विचारलं. 

जाऊबाई पलंगावरून बघत होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "थांबा जरा. हे असं थेट करत नाहीत आमच्याकडे. आधी धाकटीवर करून बघा म्हणावं."

डॉक्टर हसले, त्यांना वाटलं भुलीच्या आधी माणसं बडबडतात. मालक बाहेर गेले आणि बाकावर बसले. खिशातून पाकीट काढलं, बघितलं, परत ठेवलं. तिथं ओढायला बंदी होती.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. जाऊबाईंना दुसऱ्याच दिवशी उभं केलं, काठ्यांच्या चौकटीला धरून. त्या चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "ह्या चौकटीवर चादरी छान वाळतील." दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी ते शिरेतलं औषधही दिलं. त्याच बाटलीसाठी आम्ही सहा महिने आणि एक संमेलन थांबलो होतो. एक संध्याकाळ अंग तापलं. जबड्याला काही झालं नाही.

पण घरी आल्यावर त्या उठेनात. दुखतं म्हणायच्या, उद्या म्हणायच्या. खालच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी गठ्ठे ठेवायचो, तिथं पलंग टाकला, कारण जिना चढवणार कोण. कूस मी बदलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हात गार आहेत तुझे. आईला धुताना मी हात शेकून घ्यायची." मी हात शेकून घ्यायला लागले.

मालक रोज दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. एकदा म्हणाले, "वाटलं नव्हतं गं असं होईल. काळजीनंच करत होतो सगळं."

"माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या काळजीचा कागद असता तर बरं झालं असतं. त्यावर लिहिलं असतं, काय काय होऊ शकतं ते."

 मालक दुकानात गेले आणि त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाचा नवा कोट न बघता इस्त्रीखाली घातला. जळला.

माझी हाडं मोजली गेली. तीही ठिसूळ निघाली, जाऊबाईंइतकी नाही, पण औषध लागावं एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं नशीब म्हणा, चुकीनं का होईना सहा महिने योग्य गोळी पोटात गेली; आता काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मी तिथंच ठरवलं, गोळी. घरी आल्यावर पुतण्यानं विचारलं, "बाबांना विचारलं का?" मी म्हटलं, नाही, आणि तुलाही नाही. मग जाऊबाईंना सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकीवर तरी रंग टिकला." मग थोड्या वेळानं, "मला राग येतोय तुझा. थोडासाच. जाईल."

राग गेला का ते मला कळलं नाही. थंडी सुरू झाली तसा त्यांच्या छातीत कफ झाला. पडून असलेल्या माणसाला होतो तो. इस्पितळात न्यायचं म्हटलं तर त्या म्हणाल्या, नको, आणि ह्या वेळी कुणी बैठक घेतली नाही.

सुनेला मुलगी झाली त्याच वर्षी, थंडी उतरता उतरता, सोमवारी सकाळी थोरल्या जाऊबाई वारल्या. वय चौऱ्याहत्तर. खुबा मोडून चार महिने झाले होते. पलंगावरच गेल्या.